आपापल्या खुर्च्या आणा

मी एक झुलती खुर्ची बोलतेय. मॅपलच्या लाकडाची, बुटकी, आणि मला हात नाहीत. त्याबद्दल माझी कीव करू नका. बाळाला पाजताना आईची कोपरं मोकळी राहावीत, म्हणून आमच्याकडे अशा खुर्च्यांना मुद्दामच हात बसवत नाहीत.

मिनेसोटातल्या हॅडली फॉल्स शहरापासून अकरा मैलांवर नील्स ट्वाइटचं शेत होतं. १९०७ च्या हिवाळ्यात त्याने मला घडवलं. त्याची बायको गुड्रुन पोटुशी होती, बाहेर कमरेएवढा बर्फ होता आणि त्याला दुसरं काम नव्हतं. माणूस प्रेमळ, पण सुतारकी यथातथाच. माझ्या तळाच्या दोन वाकड्या पट्ट्यांपैकी एक त्याने बोटभर आखूड केली, त्यामुळे झुलता झुलता मी जागची सरकते.

मार्चमध्ये मुलगी झाली, सिग्ने. गुड्रुन तिला पाजायला चुलीपाशी बसायची आणि लेक झोपेपर्यंत दाराशी पोचलेली असायची.

"अहो, तुमची खुर्ची मला घराबाहेर काढतेय," ती म्हणायची.

"चांगलंय की गं. बसल्या बसल्या फिरणं होतं," नील्स म्हणायचा.

दर शनिवारी सगळ्या शेतांवरची माणसं घोडागाडीने शहरात जायची. पुरुषांना तिथे गुत्ता होता, न्हावी होता, दाणेवाल्याच्या दुकानातलं बाकडं होतं. बायका मात्र जिल्हा कचेरीमागे बांधलेल्या गाड्यांतच बसून राहायच्या, पोरांना मांडीवर घेऊन, चार-चार तास. पुरुषांसाठी कचेरीच्या मागे संडास होता. बायकांसाठी कुठेच नव्हता. त्यामुळे शनिवारी सकाळपासून त्या पाण्याचा थेंब घेत नसत. हे मी गुड्रुनच्याच तोंडून ऐकलंय.

जुलैतल्या एका शनिवारी गाडीत बसल्या बसल्या सिग्नेला ऊन लागलं. अंग तापलं, दूध पोटात ठरेना. गुड्रुन तिला घेऊन कापडाच्या दुकानात सावलीला उभी राहिली, तर दुकानदार म्हणाला, "बाई, काही घ्यायचं नसेल तर वाट अडवू नका."

दुकानात अ‍ॅडलेड प्राउटी नावाच्या बाई होत्या. डॉक्टरांच्या विधवा, शहरातल्या बायकांच्या वाचन मंडळाच्या अध्यक्ष. त्यांनी हातातलं कापड तिथेच टाकलं आणि मायलेकींना आपल्या घरी नेलं. गार पाण्याच्या पट्ट्या ठेवल्यावर पोरीने डोळे उघडले. शेतावर परतल्यावर पुढचे तीन दिवस गुड्रुन माझ्यावरून उठली नाही. लेकीचा श्वास मोजत होती बिचारी. मी तेव्हा शक्य तितकी हळू झुलले.

प्राउटीबाई स्वस्थ बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. कचेरीत तळमजल्यावर एक मोठी खोली रिकामी पडली होती. आत फुटक्या पिकदाण्या आणि उंदीर. ती शेतकरी बायकांना द्यावी, असा अर्ज घेऊन त्या जिल्हा मंडळापुढे गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या टांग्याने थेट आमच्या शेतावर आल्या, त्या रागाने लाल होऊन.

"काय म्हणाले?" गुड्रुनने कॉफी ओतता ओतता विचारलं.

"तो चेअरमन सायलस विकम! म्हणतो, शेतकऱ्यांच्या बायकांना बसायची एवढीच हौस असेल, तर त्यांनी येताना आपापल्या खुर्च्या आणाव्यात. आणि सगळे हसले हो, खो-खो हसले."

गुड्रुन हसली नाही. "सगळ्यांसमोर म्हणाले?"

"सगळ्यांसमोर. कारकुनाने वहीत लिहूनसुद्धा घेतलं."

"मग झालं की, प्राउटीबाई. परवानगी मिळाली."

प्राउटीबाईंचा कप तोंडापाशीच थांबला. मग त्या अशा हसल्या की माझ्यावर झोपलेली सिग्ने दचकून उठली.

महिनाभर शेताशेतांवर निरोप फिरले. रविवारी चर्चमध्ये, लोणी काढताना, कुणाच्या बाळंतपणाला गेल्यावर. ऑक्टोबरात मंडळाची पुढची बैठक होती, तीही शनिवारी. त्या सकाळी नील्सने मला गाडीत चढवलं आणि मी पहिल्यांदा शहर पाहिलं. वाटेत प्रत्येक फाट्यावर एकेक गाडी येऊन मिळत होती आणि प्रत्येकीत खुर्ची होती. झुलत्या, वेताच्या, स्वयंपाकघरातल्या, एक तर दूध काढायचं तिवईसारखं स्टूल. नील्सने आम्हाला कचेरीच्या पायऱ्यांवर उतरवलं आणि तो न्हाव्याकडे पळाला.

एकसष्ट खुर्च्या होत्या. कचेरीच्या त्या लांबलचक, गुळगुळीत दगडी बोळात आम्ही भिंतीला लागून मांडल्या गेलो. बायका बसल्या. कुणी विणायला घेतलं, कुणी बटाटे सोलायला. प्राउटीबाई शहरातल्या मैत्रिणींना घेऊन आल्या, त्याही खुर्च्या घेऊनच. दहा वाजेपर्यंत जिन्याच्या पितळी कठड्यावर लंगोट वाळत पडले होते. शिपाई हात चोळत आला.

"बायांनो, इथे बसता येत नाही."

"चेअरमनसाहेबांनीच बोलावलंय," गुड्रुन म्हणाली. "कारकुनाची वही काढून बघा."

त्याने खरोखरच जाऊन वही बघितली. परत आला तो तोंड पाडून, आणि मग कडेला उभा राहून त्याने एका बाईचं बाळ धरलं.

विकमसाहेब आले, नाक वर करून आमच्यामधून वाट काढत बैठकीच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. त्यांना वाटलं, दुपारपर्यंत कंटाळून जातील. गुड्रुन सिग्नेला पाजत झुलत राहिली. घरच्या लाकडी जमिनीवर मी सरकते ती बोटाबोटाने, पण त्या गुळगुळीत दगडावर मला कोण अडवणार? बारा वाजता मी बैठकीच्या दाराला जाऊन टेकले. ते दार बाहेर उघडणारं होतं. लोक म्हणतात, गुड्रुनने मुद्दाम केलं. तिचं मला माहीत नाही, माझं म्हणाल तर मी जीव तोडून सरकत होते.

साडेबाराला दार आतून ढकललं गेलं आणि चार बोटं उघडून अडलं. फटीत विकमसाहेबांचा एक डोळा दिसला.

"बाई, जरा बाजूला व्हा."

"बाळाचा आत्ताच डोळा लागलाय, साहेब."

दार मिटलं. दहा मिनिटांनी पुन्हा फट.

"बाई, मला बाहेर जायचंय."

"कुठे जायचंय?"

सकाळपासून कॉफीचे किती पेले आत गेले होते ते आम्ही मोजलेच होते. बोळातल्या विणायच्या सुया थांबल्या.

"जायचंय म्हणजे... जायचंय," विकमसाहेब खालच्या आवाजात म्हणाले.

"हो का?" गुड्रुन म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, उलट माया होती. "आम्हालाही सकाळपासून जायचंय, साहेब. आणि आम्ही कित्येक वर्षांपासून दर शनिवारी अशाच बसतोय."

कुठल्या तरी कोपऱ्यातून एक म्हातारी फिसकन हसली, आणि मग बोळातल्या सगळ्याच बायका. आतलेही हसले, बरं का. मंडळाचे इतर चार सभासद. त्यांनाही कॉफी झालीच होती. विकमसाहेबांनी दाराआडूनच ठराव मांडला. तळमजल्यावरची खोली, स्टोव्ह, पाण्याचा नळ, आणि बायकांसाठी संडास. हात वर झाले, कारकुनाने लिहून घेतलं, मोठ्याने वाचून दाखवलं. मगच गुड्रुन उठली आणि तिने मला उचलून बाजूला ठेवलं. विकमसाहेब टोपी न घेताच धावले.

त्या क्षणी मला काय वाटलं, ते सरळ सांगते. मला वाटलं, मी सिंहासन आहे.

ख्रिसमसच्या आत खोली उघडली आणि गुड्रुनने मला तिथे देऊन टाकलं. पुढची पन्नास वर्षं मी स्टोव्हपाशी होते. कितीतरी बायका माझ्यावर येऊन टेकल्या, बूट काढले, पाठ सैल केली. कुणी रडल्या, कुणी नुसत्या झोपल्या. माझ्या पाठीवर नील्सने रंगवलेलं फूल त्यांच्या डोक्यांनी घासून गेलं, त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

एकोणीसशे छप्पनमध्ये सिग्ने जिल्हा मंडळावर निवडून आली, आमच्याकडची पहिली बाई. पहिल्या बैठकीआधी ती पाच मिनिटं माझ्यावर बसली. समोर म्हातारी गुड्रुन काठी टेकून उभी होती.

"आई, मला धडधडतंय गं."

"जा तू. कुणी त्रास दिला तर सांग, मी दारात बसते."

पुढे मोटारी आल्या, बायका तासाभरात खरेदी करून घरी जायला लागल्या. खोलीला कुलूप लागलं. तळघरात माझ्यावर रंगाचे डबे ठेवले होते, त्या दिवसांबद्दल फार बोलत नाही.

आता मी शहराच्या संग्रहालयात आहे. "आपल्या शहरातल्या थोर स्त्रिया" असं दालन आहे, भिंतीवर सिग्नेचा आणि प्राउटीबाईंचा फोटो आहे. माझ्याभोवती लाल दोरी आणि पुढे पाटी: "मिसेस नील्स ट्वाइट यांची खुर्ची. कृपया बसू नये." गुड्रुनचं नाव कुठेच नाही. आणि नील्स तर तेव्हा दाढी करून घेत होता.

गेल्या महिन्यात होदन नावाची एक तरुण आई आली. इथल्या सोमाली वस्तीतली, थोरल्या मुलाच्या शाळेच्या सहलीबरोबर. तिचं तान्हं रडायला लागलं. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि भिंतीला पाठ लावून खाली फरशीवर बसायला लागली. दालन सांभाळणारी जोलीन हातात कागद घेऊन चालली होती. ती थांबली. तिने त्या आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दोरीचा आकडा काढला.

"इथे बसा, ताई."

"पण पाटीवर लिहिलंय, बसू नये."

"पाटी मीच लिहिलीय. चुकलं माझं."

होदन बिचकत टेकली. माझे सांधे शंभर वर्षांहून जुने, मला धास्ती वाटली होती. पण मी तिला पेललं. बाळ पिऊ लागलं, तिने डोळे मिटले, आणि मी पुन्हा झुलले.

दुसऱ्या दिवसापासून दोरी नाही. नवी पाटी आहे. तिच्यावर गुड्रुन ट्वाइट असं पूर्ण नाव आहे, आणि त्याखाली जोलीनने मोठ्या अक्षरांत लिहिलंय, "बसा." तुम्ही कधी आमच्या शहरात आलात, पाय दुखले, तर संकोच करू नका. सरळ आत या आणि बसा.