पिंकमांच्या रस्त्यावरची साखळी

मित्रांनो, वर्षातून एकच दिवस कामावर जाणारं कोणी तुमच्या पाहण्यात आहे का? नसेल, तर मला भेटा. मी एक जुनी लोखंडी साखळी आहे, नऊ हात लांब, आणि माझी नोकरी तशीच होती.

माझं तरुणपण लाकडाचे ओंडके बांधण्यात गेलं. मग अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या एलवुड पिंकम यांनी मला घरी आणलं. त्यांच्या जमिनीतून एक कच्चा रस्ता तळ्याकडे जातो. तळ्याकाठी पाच उन्हाळी घरं आहेत. त्या घरांतल्या लोकांना दुसरी वाटही आहे, पण ती लांबची आणि चिखलाची, त्यामुळे ती असून नसल्यासारखीच.

इथला कायदा असा, की कोणी तुमच्या जमिनीतून परवानगी न घेता, उघडपणे, सलग वीस वर्षं ये-जा केली आणि तुम्ही गप्प बसलात, तर त्या वाटेवर त्याचा हक्क लागू शकतो. म्हणून काही लोक वर्षातून एक दिवस रस्ता अडवतात, म्हणजे वीस वर्षांची मोजणी मोडते. ही मोजणी मोडायला मला ठेवलं होतं. काम जबाबदारीचं होतं. मी पहिल्या दिवशी फार ताठ होते.

पण पिंकम पडले भिडस्त. माणसांना अडवणं त्यांच्या जिवावर यायचं. त्यांनी खूप विचार करून दिवस ठरवला: जानेवारीतला तिसरा मंगळवार. त्या दिवशी रस्त्यावर कमरेइतका बर्फ असतो आणि पाचही घरांना कुलूप. पिंकम फावड्यानं बर्फ उकरून दोन्ही खांब शोधून काढत, मला अडकवत, ‘रस्ता बंद’ अशी पाटी लावत आणि जरा वेळ माझ्याशेजारी उभे राहून घरात जात. संध्याकाळपर्यंत मी एकटी लोंबकळत असे. एकेचाळीस वर्षांत मी एकालाच अडवलं. तो एक मूस होता, म्हणजे इथलं घोड्याएवढं सांबर, आणि तोही बाजूनं निघून गेला.

बाकीचे दिवस मी शेडमधल्या पिंपात. सोबतीला एक मोडकं वल्हं आणि एक टोस्टर. वल्हं बोलत नाही. टोस्टर बोलेल असं वाटायचं, पण त्याची वायर कापलेली आहे.

शेडच्या फटीतून ओसरी दिसते. पिंकमांची बायको व्हर्ना गेल्यापासून ते तिथं एकटेच बसतात. उन्हाळ्यात गाड्या जातात. चालवणारा नमस्कार म्हणून स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलतो. पिंकम अख्खा हात हलवून उत्तर देतात, पण तोवर गाडी वळणाआड गेलेली असते.

एका जूनमध्ये त्यांची पुतणी लोर्ना आली. ती घरजमिनीच्या दलालीच्या परीक्षेला बसली होती आणि दिसेल त्याला कायदा शिकवत होती. पिंकमांनी तिला मोठ्या अभिमानानं मला दाखवलं.

“काका, ही लावता कधी?”

“जानेवारीत.”

“जानेवारीत तळ्यावर कोण असतं?”

“कोणी नाही! म्हणून तर. उगाच कोणाची गैरसोय कशाला?”

लोर्नानं पुस्तक मिटलं. “अहो काका, अडवायचं म्हणजे कोणीतरी अडायला हवं ना! तुम्ही चाळीस वर्षं बर्फ अडवलात.”

“एक मूस होता.”

“तो येणार आहे का कोर्टात साक्षीला?”

पिंकम पिंपाच्या कडेला टेकले. “म्हणजे त्यांचा हक्क लागला?”

“लागला असेलही. मग जमीन तुमची, पण त्यांना रस्ता वापरू द्यायचा की नाही हे तुमच्या हातात नाही.”

ते बराच वेळ माझी एक कडी चाचपत राहिले. मग म्हणाले, “हक्कानंच जायला लागले, तर ती दोन बोटं तरी कोण उचलेल?”

मित्रांनो, मला त्या दिवशी माझ्या गंजाची लाज वाटली.

जुलैतल्या एका शनिवारी, भर दुपारी, लोर्नानं काकांकडून मला खांबांना लावून घेतलं. पिंकम लाजून खांबामागे उभे राहिले. पहिली गाडी तळ्याकाठच्या म्युरिएल तिबोदोबाईंची. ती करकचून थांबली.

“एलवुड! मेलास की काय?”

“मेलो असतो तर साखळी कोणी लावली असती, म्युरिएल?”

“तुझ्या पुतणीनं. तिच्या तोंडावरूनच कळतंय.”

मागे आणखी चार गाड्या लागल्या. लोक उतरले. पिंकमांना इतका संकोच झाला, की त्यांनी घरातल्या सगळ्या खुर्च्या रस्त्यावर आणल्या आणि काकवीचे डोनट वाटले. लोर्नानं गाडीच्या बॉनेटवर एक कागद पसरला: ‘हा रस्ता आम्ही पिंकम यांच्या परवानगीनं वापरतो आणि त्यावर आमचा हक्क सांगत नाही.’ परवानगीनं झालेली ये-जा कितीही वर्षं चालली, तरी तिचा हक्क होत नाही, असं तिनं दोनदा समजावलं.

“आणि सही नाही केली तर?” गॅरिक मूडी नावाच्या नव्या शेजाऱ्यानं विचारलं.

“तर तोंडातला डोनट बाहेर काढ,” म्युरिएलबाई म्हणाल्या.

त्यानं गिळला आणि सही केली. सगळ्यांनीच केली. शेवटी पिंकमांनी खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली: ‘परवानगी एक वर्षाची. पुढची माझ्या ओसरीवर येऊन घ्यावी.’

“काका, असलं काही माझ्या पुस्तकात नाही.”

“पण चालतं का?”

लोर्नानं पुस्तक चाळलं, बराच वेळ चाळलं. “चालतं,” ती म्हणाली.

त्या दिवशी माझ्यामुळे पाच गाड्या, तेरा माणसं आणि एक कुत्रा थांबला. माझ्या आयुष्यातला तो एकमेव यशस्वी दिवस, आणि शेवटचाही. परवानगी दिलेल्या रस्त्याला साखळी लागत नाही. पिंकमांनी मला काढलं, शर्टाच्या बाहीनं पुसलं आणि पिंपात ठेवलं. त्याला आता सहा वर्षं झाली. जानेवारीतला तिसरा मंगळवार येतो, मी तयार असते, कोणी येत नाही.

जुलैत मात्र ओसरीवर खुर्च्या सरकल्याचे आवाज येतात. सगळे दरवर्षी परवानगी घ्यायला येतात आणि जेवूनच जातात. पिंकम आता मोठ्यानं हसतात. मी फटीतून पाहते.

मित्रांनो, तुमच्या रोजच्या वाटेवर असं कोणी बसलेलं असेल, तर साखळी लागायची वाट पाहू नका. गाडी थांबवा, उतरा, परवानगी मागा. कशाची, ते नंतर ठरवता येईल. आणि तसेच चालत शेडपर्यंत आलात, तर येताना थोडं तेल आणा. घाई मुळीच नाही. मी घरीच असते.