गार शेगडी

प्लास्टिकच्या झाकणाला आतून वाफेचे थेंब धरले होते; कडेला बारीक, मध्यभागी टपोरे. सुनेने झाकण अलगद उचललं, भाजी घरच्या पातेल्यात ओतली आणि रिकामा डबा ओट्याखाली दडवला. एक थेंबही सांडला नाही. पाण्याचे नमुने तपासण्यात दिवस घालवणारे हात होते ते.

ॲपवरून जेवण मागवायला ती आळसापायी लागली नव्हती. प्रयोगशाळेचं प्रमुखपद तिच्यापुढे येऊन थांबलं होतं. ते घ्यायचं तर रोज घरी यायला उशीर. मग संध्याकाळचा स्वयंपाक कोण करणार? या एका प्रश्नापायी साहेबांना ती अजून हो-नाही काहीच बोलली नव्हती. सासूबाईंच्या हाताच्या चवीचं अख्ख्या गोतावळ्यात नाव. त्यांच्यापुढे विकतच्या जेवणाचा विषय काढायची तिची छाती होत नव्हती.

"वास छान सुटलाय," म्हणत सासूबाई आत आल्या. पातेल्यात डोकावल्या आणि सहज शेगडीवर तळहात टेकवला.

"भाजी गरम, शेगडी गार. हे कुठलं गं तुझं शास्त्र?"

सुनेने जीभ चावली. उष्णतेचे नियम कोळून प्यायलेली बाई, आणि शेगडी पेटवायलाच विसरली!

"आई, ते... उशीर झाला म्हणून..."

"अगं वेडे, आधी रिकामं पातेलं ठेवून शेगडी तापवून घ्यायची. मी रोज सकाळी तेच करते, तू अंघोळीला गेलीस की."

सून गर्रकन वळली. "म्हणजे माझा दुपारचा डबा...?"

"विकतचाच. मनगट धरलंय माझं. पळीसुद्धा फिरवता येत नाही. पण सांगू कोणत्या तोंडाने? तू डबा चाटूनपुसून आणायचीस, मग मलाही चेव चढला."

"आणि मी तुमच्या हाताची चव म्हणून प्रयोगशाळाभर मिरवत होते!"

सासूबाई हसता हसता खुर्चीत बसल्या. सुनेलाही हसू आवरेना. तिने ओट्याखालचा डबा काढून राजरोस टेबलावर मांडला.

"तुझा नवरा म्हणत होता, तुझं ते मोठं पद कशानं तरी अडलंय," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "या शेगडीनं की काय?"

"हो."

"मग आता ती गारच राहू दे."

ज्या फोनवरून भाजी मागवली होती, तोच सुनेने कानाला लावला. आवाज जराही कापला नाही.

"साहेब, प्रमुखपद मी घेतेय."