नऊ मीटर चाळीस

पोळ्याची रजा संपवून हरिदास, वाटेत एसटी बंद पडल्यानं उशिरा, चंद्रपूरच्या कचेरीत परत आला तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. साल अठ्ठ्याऐंशीचं. संगणकाच्या खोलीत यंत्राची घरघर चालू होती. त्यानं भिंतीजवळची नोंदवही उघडली आणि तो तसाच उभा राहिला.

वैनगंगेची पातळी सोमवारी नऊ मीटर चाळीस. मंगळवारी नऊ मीटर चाळीस. बुधवारी तेच, आणि आज गुरुवारी सकाळीही तेच.

"मुखरू, नदी गोठली का रे?"

मुखरू त्याचा जोडीदार. तीन दिवस सगळं काम त्यानं एकट्यानं ओढलं होतं. "पाणी ठाम हाये म्हणून साहेब खुश हायेत. तू काऊन तोंड पाडून राह्यला?"

हरिदास ढिवराच्या, म्हणजे मासेमाराच्या घरचा. नदी एका जागी बसत नाही, भाद्रपदात तर नाहीच नाही, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. हाताची चार बोटं तरी ती खालीवर होतेच.

"गावाले आकडा सांगतला?"

"आठ वाजताच. मास्तरनं घेतला लिहून."

हरिदासनं घड्याळात पाहिलं.

त्याचं गाव चिचघाट, सावलीच्या पलीकडे, अगदी नदीकाठी. पोळा झाला की तिथले ढिवर बायकालेकरांसकट नदीतल्या बेटावर मासे धरायला जात आणि चार दिवस तिथंच पाल टाकून राहत. दोन वर्षांपासून हरिदासचा आकडा आल्याशिवाय त्यांचे डोंगे, म्हणजे लाकडी होड्या, सुटत नसत. निघायच्या दिवशी सकाळी पोस्टात फोन यायचा, वामनराव पोस्टमास्तर पायरीवर उभे राहून आकडा मोठ्यानं वाचायचे. साडेदहा मीटरच्या आत असला तर जायचं. साडेदहा मीटरला बेट पाण्याखाली जातं. आणि कालच निरोप घेताना बहीण कुंता म्हणाली होती, "उद्या आकडा चांगला धाड बरं भाऊ, लेकराले पण नेतो."

तो यंत्रासमोर बसला. खरी फाईल नागपूरच्या मोठ्या यंत्रात होती. वरच्या पुलाजवळची पातळी तिथं दर दोन तासांनी भरली जायची. चंद्रपूरचं यंत्र टेलिफोनच्या तारेवरून ती फाईल स्वतःचीच असल्यासारखी उघडायचं. म्हणजे बिघाड तारेत असणार. त्यानं मोडेम पाहिला, दिवे लागलेले. रिसीव्हर कानाला लावून पाहिला, तारेचा आवाज स्वच्छ. नागपूरला नाव आणि परवलीचा शब्द दिला, तिकडच्या यंत्रानं ओळखलं. फाईल उघडली. नऊ मीटर चाळीस.

कुठेच काही बिघडलेलं नव्हतं. त्याचीच त्याला भीती वाटू लागली.

त्यानं तातडीचा ट्रंककॉल लावला. नागपूरच्या यंत्रावर इंदिराबाई असत, तोंडानं फटकळ पण कामाला पक्क्या.

"बाई, तुमच्या पडद्यावर वैनगंगा किती दाखवून राह्यली?"

"अकरा पंच्याऐंशी. दहा वाजताची नोंद हाये. पहाटे वरच्या धरणाची दारं उघडली नाई का!"

"माह्या इथी नऊ चाळीस हाये."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "मंग तू कोनाची फाईल वाचून राह्यला, हरिदासभाऊ? माही तर नोहे."

हरिदासनं रिसीव्हर खाली ठेवला. कोणाची फाईल वाचतो आहे ते त्याला कळलं होतं.

जंगलात झाड पडलं की तार तुटायची. पातळीचा तक्ता कोरा दिसला की साहेब सगळ्यांसमोर पाणउतारा करायचे. म्हणून हरिदासनं एक सोय करून ठेवली होती. तार तुटली की नागपूरच्या फाईलची आधी घेतलेली नक्कल, त्याच नावानं, आपल्या यंत्रात ठेवायची; तार जुळली की पुसून टाकायची. यंत्र कुठलंही नाव आधी घरात, म्हणजे स्वतःच्याच साठ्यात शोधतं. घरात सापडलं की ते बाहेर जातच नाही. रविवारी रजेवर निघायच्या घाईत तार तुटली होती. नक्कल त्यानं ठेवली, आणि मुखरूला सांगायचं राहून गेलं. तार संध्याकाळीच जुळली होती. यंत्र मात्र चार दिवस घरातलीच फाईल वाचत बसलं होतं.

त्यानं नक्कल बाजूला काढली, तिचं नाव बदललं आणि फाईल पुन्हा उघडली. बारा मीटर दहा. नुकतीच बारा वाजताची नोंद भरली होती.

वरच्या पुलाचं पाणी चिचघाटला पोचायला सहा तास लागतात. दहाचं पाणी चारला येणार. त्यानं चिचघाटच्या पोस्टात फोन लावला.

"मास्तर, सकाळचा आकडा खोटा हाये! नागपूरचा नोहे, माह्या जुन्या नकलेचा हाये. डोंगे गेले का?"

"नवालेच गेले ना बापू," वामनराव म्हणाले. "तुयाच आकड्यावर. बेचाळीस मानसं, लेकरं धरून. कुंताबी गेली."

"वापस बोलवा त्याह्यले."

"कशावर जाऊन बोलवू? एकबी डोंगा काठावर नाई." मग त्यांचा आवाज बदलला. "थांब. सोमाजीची फुटकी डोंगी हाये. पाह्यतो." फोन कट झाला.

मुखरू हळूच म्हणाला, "ते नक्कल पुसून टाक. तार खराब होती म्हनू. कोनाले समजते?"

नक्कल हरिदासनं कागदावर छापून घेतली, खाली आपली सही केली आणि साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली. साहेबांनी वाचली, चष्मा काढला, आणि सावलीच्या तहसीलला फोन लावला. तिथलं वाहन दौऱ्यावर गेलेलं होतं.

दोनची नोंद आली. बारा पस्तीस. चारची आली. बारा साठ.

साडेपाचला फोन वाजला. वामनराव बोलत होते, मागे माणसांचा गलका होता.

"सोमाजीची डोंगी पोचली बेटावर. पाच डोंगे आले. इस्तारीचा नाई आला. लेकरं, बाया काठावर सोडून तो उरलेल्या सात म्हाताऱ्याकोताऱ्यासाठी पलटून गेला, त्याले दीड घंटा झाला. घे, कुंता बोलते."

इस्तारी कुंताचा नवरा. तिचा श्वास आधी ऐकू आला.

"भाऊ, पानी अजून वाढन का?"

हरिदासनं पडद्याकडे पाहिलं.

"आता सांगशीन तो आकडा कोनाचा हाये, भाऊ? तुया का नागपूरचा?"

"नागपूरचा, कुंते."

"मंग सांग."

"वाढन. रात्री दहापर्यंत वाढतच जाईन."

पलीकडे खट् असा आवाज झाला. फोन तिनं खाली ठेवला नव्हता. लाकडावर टेकवून ती बाहेर गेली असावी. तिकडून नदीचा आवाज येत होता. पोस्टापासून नदी अर्धा मैल लांब. इतक्या लांबून तो आवाज हरिदासनं आजवर कधी ऐकला नव्हता.