दाराकडे तोंड केलेले बूट

श्कोद्रा शहरातल्या वसतिगृहात द्रानेला सगळ्यात जास्त आठवण यायची ती आईच्या ओरडण्याची. बाकीच्या मुली आईच्या हातच्या जेवणासाठी झुरायच्या. ही मात्र सकाळची घंटा झाली तरी डोळे मिटून पडून राहायची. आता खालून बोंब येईल, "द्राने, अजून लोळतेयस? शेळ्यांची धार काय तुझा मामा काढणार?" पण वसतिगृहात कुणी ओरडत नसे. तिथल्या सिस्टर भलत्याच गोड बोलायच्या.

गावची शाळा मुलांअभावी बंद पडली, म्हणून तिला शहरात धाडलं होतं. नाताळात घाटात बर्फ साचलं, रस्ता बंद झाला आणि ती सुट्टी वसतिगृहातच गेली. त्यामुळे ईस्टरच्या सुट्टीत व्हॅन घराखालच्या वळणावर थांबली, तेव्हा तिला चढ चढून जायचाही धीर नव्हता. दारात तिने नेहमीसारखे बूट भिरकावले, एक इकडे, एक तिकडे, आणि आत धावली.

आईने तिला घट्ट मिठी मारली. मग चुलीजवळची बाबांची जागा दाखवून म्हणाली, "बस इथे. दमली असशील."

"आधी शेळ्या बघून येते."

"त्यांचं म्रिका बघते आता. तू बस गं."

म्रिका म्हणजे धाकटी बहीण. ती तोंड पुसून, केस विंचरून कॉफी घेऊन आली. सोनेरी काठाच्या कपात! तो कप एरवी फक्त पाद्रीबाबा घरी आले की कपाटातून निघायचा. बाबा तर समोर मांडी ठोकून बसले आणि खाकरून विचारते झाले, "मग, शहराकडे थंडी कशी काय यंदा?" जणू बाजारात भेटलेल्या माणसाशी बोलत होते.

झोपायलाही तिला पाहुण्यांच्या खोलीत नवी रजई मिळाली. भिंतीपलीकडे आई आणि म्रिका कशावरून तरी खुसखुसत होत्या. द्रानेने रजई डोक्यावरून ओढून घेतली.

सकाळी दारात बघते तर काय, तिचे बूट लख्ख पुसलेले, एका बाजूला नीट जोडीने, तोंड दाराकडे करून ठेवलेले. त्या डोंगरात पाहुण्यांचे बूट असेच ठेवतात, म्हणजे निघताना पाय सरळ आत जावेत. घरच्यांचे बूट कोपऱ्यात ढिगाने पडलेले असतात, त्यांची कोण पर्वा करतं? आजवर हे काम द्रानेचंच होतं. कितीतरी पाहुण्यांचे बूट तिने फिरवले होते, आणि त्यात मान आहे हेही तिला पक्कं ठाऊक होतं. तरी स्वतःचे बूट तसे बघून ती दारातच थबकली.

"हे कुणी केलं?"

"मी," म्रिका म्हणाली. "आईने सांगितलं. बरोबर ठेवलेत ना?" पोरीला बिचारीला शाबासकी हवी होती.

द्रानेने बूट उचलून ढिगात टाकले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा दाराकडे बघत होते.

त्या सुट्टीत तिला कुणी लाकूड उचलू दिलं नाही की पाणी आणू दिलं नाही. ती झाडू घ्यायला गेली की आई काढून घ्यायची, "चार दिवसांसाठी आलीयस, आराम कर." भाकरीचा खरपूस कडेचा तुकडा, ज्यावरून दोघी बहिणी एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या, तो आता न मागता तिच्या ताटात पडायचा. तो तिला गिळवेना. या घरातली आपली जागा गेली, आता आपण आलो-गेलो एवढंच, असं तिच्या मनाने घेतलं. विचारायचं तरी कुणाला? पाहुण्याने असं विचारायचं नसतं.

निघायच्या आदल्या दुपारी काळी शेळी अडली. पिल्लाचा एकच पाय बाहेर आलेला. बाबा रानात, म्रिका घाबरून रडायला लागलेली. गोठ्यातून आईची हाक आली आणि सगळं अंगण हादरलं.

"द्राने! कुठे उलथलीस? गरम पाणी आण!"

द्राने पाण्याची बादली घेऊन शहरातल्या बुटांनिशी शेणातून धावली आणि उंबऱ्याला ठेचकाळली. अर्धी बादली आईच्या पाठीवर गेली.

"आंधळे! पाय आहेत की लाकडं? हेच शिकवतात का तुला त्या शाळेत? धर तिचं डोकं! असं नाही गं, गधडे, असं!"

द्रानेने डोकं धरलं. पिल्लू बाहेर आलं, शिंकलं, थरथरत उभं राहिलं. आणि द्राने हमसून हमसून रडायला लागली.

आईचा चेहरा पडला. "बघ, सोडलं ना मी तोंड! गेल्या वेळी तू निघालीस तेव्हाही मी दूध सांडल्यावरून ओरडले होते. आख्खा हिवाळा तेच मनात होतं गं. पोरीने जाताना घरातून काय नेलं, तर माझ्या शिव्या. म्हणून ठरवलं होतं, या खेपेला चकार शब्द काढायचा नाही."

"तेवढंच तर होतं माझ्याकडे," द्राने नाक पुसत म्हणाली. "सकाळी तेच ऐकायची मी तिथे. तू मला पाहुणी का केलंस, आई?"

 आईने डोक्यावरच्या ओल्या रुमालाने लेकीचा चेहरा पुसला, जरा जोरातच.

दुसऱ्या दिवशी खाली व्हॅनचा भोंगा वाजला, तेव्हा द्रानेला बूट सापडेनात. एक बाबांच्या बुटाखाली चेपलेला, एक पार भिंतीशी, दोन्ही चिखलाने माखलेले, तोंड घराकडे. नाड्या वाळून लाकूड झाल्या होत्या.

"म्रिके, आज फिरवले नाहीस?"

"आईने हात लावू दिला नाही."

भोंगा पुन्हा वाजला. द्राने गाठीशी झटत होती. शेजारी उकिडवी बसलेली आई म्हणाली, "सावकाश सोडव. ओरडू दे त्याला."

शेवटी ती उतार उतरून व्हॅनमध्ये बसली आणि हात हलवायला खिडकीतून बाहेर वाकली. वरून, अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशी आरोळी आली.

"डोकं आत घे, मूर्खे!"

व्हॅनमधले सगळे हसले. द्रानेने डोकं आत घेतलं आणि घाट उतरेपर्यंत ती आरोळी पुन्हा पुन्हा मनात ऐकत राहिली.