पाणी कीर्तनाला बसलं

या, पुढे सरका. चटईवर जागा आहे, भिंतीला कशाला चिकटता? लहान होडी कशी बुडते ते सांगतो, जवळून ऐका. लोक म्हणतात वादळाने. वादळाने मोठी गलबतं बुडतात, माउली. लहान होडीत पाणी येऊन बसतं, म्हणून ती बुडते.

हसुराम तांडेलाच्या होडीत पाणी आलं सकाळी दहाला. ऊन लख्ख, वारा नावाला. होडी खाडीच्या तोंडाबाहेर पडली आणि दर्यातून एका म्हातारीने हात केला. ती पाण्याचीच होती. तिच्या आरपार तळची वाळू दिसत होती.

"घेतोस का रे बाबा, थोडं पुढपर्यंत?"

दर्यात हात केलेल्याला नाही म्हणायचं नाही, ही आमच्याकडची रीत. हसुरामने तिला दंडाला धरून वर घेतलं.

होडीत दुसरा माणूस एकच, त्याचा मेव्हणा पोशा. पोशाला पोहता येत नव्हतं. म्हणून निघताना बायकोने, नर्मदेने, हसुरामला बजावलं होतं, "माझ्या भावाला सुका परत आणा."

"दाजी, ही ओली आहे," पोशा म्हणाला.

"दर्यात कोण सुकं असतं?"

"मी आहे. आणि तसाच राहणार आहे."

म्हातारी फळीवर टेकली. "तू देवळात बुवांच्या मागे टाळ धरतोस ना? आम्हाला लांबून ऐकू येतं, पण शब्द कळत नाहीत. एखादं आख्यान लाव की."

वीस वर्षं हसुराम बुवांच्या मागे झील ओढत होता, त्यांचीच ओळ पुन्हा म्हणत. आख्यान लाव असं त्याला कुणी कधी म्हटलं नव्हतं. त्याने सुकाणू काखेत धरलं आणि सुदाम्याची गोष्ट लावली.

सुदाम्याने पोह्यांची पुरचुंडी बांधली, तोवर डावीकडून दोघे चढले. मग एक जाडा गृहस्थ, मग सासवा-सुना, मग घरंच्या घरं. सगळी पाण्याची, सगळी शिस्तीत मांडी घालून बसणारी. पोशा पत्र्याच्या डब्याने उपसू लागला. उपसून टाकलेला माणूस वळसा घालून दुसऱ्या बाजूने चढे आणि शेजाऱ्याला विचारी, "मधलं काय झालं हो?"

पाणी पोटरीला लागलं. "दाजी, बंद करा आता!"

हसुराम थांबला. तो थांबताच मंडळी गप्पा मारायला एका अंगाला सरकली, होडीही सरकली, आणि डावा काठ दर्याला टेकला.

"गा, दाजी! गा!"

हसुराम गायला. मंडळी सरळ बसली, होडी सरळ झाली. तेव्हा दोघांनाही कळलं. पाणी किती आहे याला महत्त्व नाही. ते एकाच अंगाला धावलं की होडी जाते.

त्यांनी होडी बंदराकडे वळवली. धक्क्यावर नर्मदा उभी दिसत होती. आणि काय श्रोते होते ते! सुदाम्याच्या फाटक्या उपरण्यावर अख्खी होडी रडली. असा गळा हसुरामला आयुष्यात लागला नव्हता. सुदामा द्वारकेच्या दारात उभा राहिला, देवाने त्याला ओळखलं आणि देव धावत जिना उतरू लागला.

पोशाचा डबा थांबला. "दाजी, मिठीनंतर काय असतं?"

"गजर."

"गजराला माणसं उठतात."

"उठतातच."

"मग मिठी घालू नका! जिना लांबवा!"

हसुरामने जिन्याला पायऱ्या वाढवल्या. सोन्याची एक, रुप्याची एक, मग नुसत्याच. देव धावतोय, धावतोय. पण एक पायरी वाढली की धक्का एक वल्हंभर मागे जाई. शंभर पायऱ्या झाल्या तेव्हा नर्मदा मिरीएवढी दिसत होती आणि पाणी पोशाच्या कमरेला होतं.

"आखडा, दाजी, आखडा!"

"आखडला तर मिठी पडते रे!"

"पडू दे! मी मिठीच्या आधी उडी मारतो!"

हसुरामने पायऱ्या काढायला सुरुवात केली. दहा, वीस, पन्नास. धक्का धावत आला. नर्मदा पालथी पडून हात लांब करून होती. "ये पोशा! ये रे!" पोशा काठावर चढला. उरल्या तीन पायऱ्या, दोन, एक. अजून एक श्वास थांबायचं होतं, एवढंच. पण देवाने हात पसरले होते, सुदामा रडत होता, आणि तिथे गजर न घेणं हसुरामच्या गळ्याला जमेना.

त्याने गजर घेतला.

पोशाने काठ सोडून उडी घेतली. होडीतलं सगळं पाणी हात वर करून उभं राहिलं, आणि ते उभं राहिलेलं पाहून बाहेरचं पाणीही उठलं, थेट क्षितिजापर्यंत.

पोशाच्या बोटांत आणि नर्मदेच्या बोटांत वीतभर अंतर आहे. पुढचं मी सांगत नाही, तोवर पोशा सुका आहे. घरी जाऊन दिवा लावाल तेव्हा पोशाचं नाव एकदा घ्या.