दहा लाख तीन

“हात नोको लावू वं त्या वहीले!”

सासूबाई एवढ्या जोरात ओरडल्या की माझ्या हातातला झाडूच पडला. मामाजी जाऊन तीन महिने झाले, पण त्यांची वही, पेन्सिल, चष्मा सगळं अजून खाटेवरच होतं.

मामाजी, म्हणजे ईश्वरदास, माझे सासरे. जन्माचे विणकर. माग बंद पडल्यावर लकडगंजला लाकडाच्या टालावर चौकीदारी केली, म्हातारपणी घरी बसले. शिक्षण सातवी, पण आकड्यांचं भलतंच वेड! मी शाळेत गणित शिकवते, म्हणून एकदा मला विचारलं, “धनश्री, दहा लाख तीन तुटते का वं कशानं?” मी गमतीत म्हटलं, हजाराच्या आत एकशे अडुसष्ट मूळ संख्या आहेत. त्या एकेकीनं भागून बघा. एकीनंही पुरता भाग गेला नाही, तर तीही मूळच.

झालं! रोज दुपारी चारला एक भागाकार. संपला की स्वयंपाकघरात हाक यायची, “तुटली नाही वं, जना!” सासूबाई म्हणायच्या, “हो, आयकलं.”

एकशे सदुसष्ट झाले. राहिला फक्त नऊशे सत्त्याण्णव. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठलेच नाहीत.

तेव्हापासून रोज चार वाजले की सासूबाई चहा गाळता गाळता मान वर करायच्या आणि म्हणायच्या, “हो, आयकलं.” मला मात्र हाक कधीच ऐकू आली नाही.

“फोनवर बघून सांगू का उत्तर?” झाडू उचलत मी म्हटलं.

“फोन बसला होता का सहा महिने त्या खाटेवर?” मग आवाज खाली आला. “मागावरचा ताणा सरला तरी सुतं पुरी काढत नसतात. जराशी ठेवतात, नवा ताणा गाठाले. मीनं एक भागाकार ठेवला. तो बी झाला, तं मंग ते काहून येतीन?”

मला रडूच फुटलं. विषय तिथंच सोडला.

दोन दिवसांनी त्यांनीच मला वहीजवळ बसवलं.

“शिकव. काल ते म्हणे, थकलो वं जना.”

आकडे त्यांनीच काढले, वाकडेतिकडे. हजारात नऊशे सत्त्याण्णव एकदा गेला, उरले तीन. मग दोन शून्यं. शेवटी तीन हजार तीनमध्ये तीनदा गेला.

“बाकी बारा,” मी म्हटलं. “मूळच आहे, आई. कशानंच तुटत नाही.”

चार वाजून गेले होते. आम्ही दोघी कान देऊन बसलो. कुठूनही हाक आली नाही. सासूबाईंनी चष्म्याच्या काड्या मिटल्या, पदरानं काचा पुसल्या आणि रिकाम्या खाटेकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाल्या, “तुटली नाही जी!”

बराच वेळ त्या तशाच बघत राहिल्या. मला ते बघवेना.

“हो, आयकलं,” मी म्हटलं.