बटणवाल्याचं शौर्य

गाइडच्या हातात लाल छत्री होती आणि गळ्यात ठेवणीतला गहिवर. आमच्या ज्यू गल्लीची सहल काढणारा हा माणूस प्रत्येक वळणावर आवाज खाली आणायचा आणि मागची मंडळी माना तिरक्या करून उसासे टाकायची.

माझा जन्म याच गल्लीतला. लग्नानंतर दूर गेले, ती बऱ्याच वर्षांनी गल्लीच्या टोकाला दादाकडे राहायला आले होते. "ती सहल एकदा बघाच वन्सं, लोक लांबून येतात," असं वहिनीच म्हणाली. म्हणून मी कोणाला ओळख न देता त्या घोळक्यात शिरले.

सिनेगॉग झालं, बुजवलेली विहीर झाली, आणि छत्री आमच्याच जुन्या घरासमोर येऊन थांबली. खाली बाबांचं बटणांचं दुकान असायचं, वर आम्ही.

"इथे एक बटणवाला राहायचा," गाइडने सुरुवात केली. "दंगलीच्या दिवशी सगळे दारं लावून बसले. हा एकटा सिनेगॉगच्या पायरीवर छाती काढून उभा राहिला. म्हणाला, आधी मला मारा! आणि जमाव मागे फिरला."

एका बाईने डोळ्यांना रुमाल लावला. मला हसू आवरेना. बाबा आणि छाती! घरात झुरळ निघालं तरी हा माणूस खुर्चीवर चढून आईला हाक मारायचा.

त्या दिवशी बाबा माळ्यावर होते. मला आणि दादाला घेऊन, पोत्यांच्या मागे. आई बाजारात गेली होती. ती धावत आली, दार ठोठावू लागली, "अहो, उघडा, अहो" म्हणून ओरडू लागली. मी उठले, तर बाबांनी माझं तोंड दाबून धरलं. दार वाजत राहिलं आणि मग वाजायचं थांबलं. समोरच्या बूटवाल्या काकांनी आईला आत ओढून घेतलं होतं. जमाव सिनेगॉगकडे फिरकलाही नाही. मोठ्या रस्त्यावरची घड्याळांची दुकानं लुटण्यात त्याला जास्त रस होता. त्यानंतर आईने बाबांना आयुष्यभर जेवायला वाढलं, पण तोंडातून शब्द काढला नाही.

"हे साफ खोटं आहे," मी म्हणाले. "मी त्याची मुलगी. तो माळ्यावर लपला होता, आणि माझी आई दाराबाहेर होती."

मी जणू सगळ्यांच्या ताटात थुंकले होते, अशा नजरेने लोकांनी माझ्याकडे पाहिलं. रुमालवाली बाई म्हणाली, "असेलही. पण हे आत्ताच सांगायला हवं होतं का?"

गाइड जराही गडबडला नाही. जवळ येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, ही गोष्ट मला तुमच्या भावानेच सांगितली आहे."

मी तडक घरी गेले. दादा टेबलाशी बसून संत्रं सोलत होता.

"लाज नाही वाटली तुला?"

त्याने एक शीर काढली. "अगं, कोणाचं काय गेलं? मेलेल्या माणसाला चार लोक बरं म्हणतात. परवा शाळेत भाषणाला बोलावलं होतं मला. हार घातला."

"आणि आई?"

"आईची गोष्ट ऐकायला कोण येणार? बंद दाराजवळ कोण फोटो काढतं?"

बाबांचा भित्रेपणा निदान त्यांचा स्वतःचा तरी होता. हा त्यावर हार घालून घेत होता, आणि वर संत्रं खात होता! मला त्याचा राग येईना. पायाखाली आलेल्या चिखलाचा राग येत नाही, तसंच.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "म्हणजे सासूबाई बोलायच्या नाहीत ते..." ती दादाकडे वळली. "मला तर तुम्ही सांगितलं होतंत, त्यांचा घसा गेला होता म्हणून."

"तू मध्ये पडू नकोस," दादा म्हणाला.

मी बॅग भरली. वहिनी जिन्याखालपर्यंत आली.

पुढे एकदा तिचा फोन आला. "वन्सं, त्या गाइडने गोष्ट बदलली."

"खरी सांगतो?"

"आता म्हणतो, बटणवाल्याने आधी बायकोला बूटवाल्याकडे सुखरूप पोचवलं आणि मग तो सिनेगॉगकडे गेला. बूटवाल्याच्या दारासमोरही थांबतात आता. तिथे हे स्वतः उभे राहून सांगतात."

"आणि लोक?"

"रडतात. आधीपेक्षा जास्त. मी आताशा मागच्या बोळातूनच जाते-येते."